चौकटीत बसवताना फोटोतले चेहरे लांबट किंवा बसके होतात. प्रमाण कसं राखायचं?

रेघोट्या

फोटो लावायचं पान १२ × १२ इंच, ३०० पीपीआय (एका इंचात ३०० पिक्सेल), म्हणजे ३६०० × ३६०० पिक्सेल. तयार टेम्प्लेट आहे आणि त्यात फोटोंसाठी तीन जागा आहेत:

क) उभी, ४ × ६ इंच
ख) चौरस, ५ × ५ इंच
ग) लांब आडवी पट्टी, १० × ४ इंच

फोटो तीन प्रकारचे आहेत. फोनवरचा उभा ३००० × ४०००, कॅमेऱ्यावरचे दोन आडवे ६००० × ४०००, आणि व्हॉट्सॲपवर आलेला एक उभा १२०० × १६००.

फोटोशॉपमध्ये कंट्रोल-टी दाबून, शिफ्ट धरून कोपरा ओढते. शिफ्ट धरली की प्रमाण राहतं असं सगळ्या ट्यूटोरियलमध्ये सांगितलेलं आहे. तरीही 'ख'मध्ये चेहरे लांबुळके होतात, 'ग'मध्ये सगळे बसके आणि जाड दिसतात. फोनवरचा फोटो 'क'मध्ये जरा बरा वाटतो, पण तिथेही काहीतरी खटकतंय. शिवाय एक फोटो चार-पाच वेळा लहान-मोठा करून पाहिला, तो आता धूसर झालाय. व्हॉट्सॲपचा फोटो कुठल्या जागेत चालेल? आणि 'ग'मध्ये समूहफोटो टाकायचाय, तो डोकी न कापता बसेल का?

---

कात्रणवही

तुमचा घोळ शिफ्टपाशीच आहे. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये फोटोशॉप सीसी २०१९ आलं, तेव्हा ही सवयच उलटी केली गेली. आता नुसता कोपरा ओढला की प्रमाण राहतं आणि शिफ्ट धरली की सुटतं. तुम्ही पाहिलेली ट्यूटोरियल त्याआधीची असणार. जुनी सवय मोडवत नसेल तर प्रेफरन्सेस > जनरल इथे 'यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म' या पर्यायावर खूण करा, शिफ्ट पुन्हा पूर्वीसारखी चालेल. नाहीतर एक साधा नियम: कंट्रोल-टी दाबल्यावर वरच्या पट्टीत डब्ल्यू (रुंदी) आणि एच (उंची) यांच्या मधोमध साखळीचं चिन्ह दिसतं, ते चालू असेल तर शिफ्टला हात लावायचा नाही.

फोटोशॉप एलिमेंट्स वापरणाऱ्यांनी तिथली 'कन्स्ट्रेन प्रपोर्शन्स'ची चौकट पाहावी. तिच्यावर खूण असली की प्रमाण बांधलेलं.

खरं तर ओढण्यापेक्षा आकडे टाकणं बरं. वरच्या पट्टीतले डब्ल्यू आणि एचचे टक्के सारखे असले की फोटो शाबूत. ते वेगळे झाले की चेहरा बिघडलाच, डोळ्यांना जाणवो न जाणवो. तुमच्या तिन्ही जागांचं गणित मांडून दाखवते.

'क' म्हणजे १२०० × १८०० पिक्सेल. फोनचा फोटो ३००० × ४०००.
रुंदीसाठी: १२०० ÷ ३००० = ४० टक्के.
उंचीसाठी: १८०० ÷ ४००० = ४५ टक्के.

तुम्ही चारही कडा चौकटीला टेकवल्यात, म्हणजे रुंदी ४० आणि उंची ४५ टक्के झाली. चेहरा साडेबारा टक्के उभट झाला. "काहीतरी खटकतंय" म्हणालात ते हेच.

दोन उत्तरांपैकी मोठं उत्तर दोन्ही बाजूंना लावायचं. ४५ टक्क्यांना फोटो १३५० × १८०० होतो. उंची बरोबर बसते आणि रुंदीत १५० पिक्सेल जास्तीचे उरतात. ते मास्कच्या (जागेबाहेरचा भाग झाकणाऱ्या पडद्याच्या) आड जातात, दोन्हीकडे ७५-७५ किंवा सगळे एकाच बाजूला, जसा फोटो असेल तसे. लहान उत्तर घेतलंत तर फोटो १२०० × १६०० होईल आणि २०० पिक्सेलची रिकामी पट्टी दिसेल. आकार वेगळा असला की काही झाकावं तरी लागतं किंवा काही रिकामं तरी राहतं, तिसरा मार्ग म्हणजे ताणणं. झाकण्याला घाबरू नका. कडेचं थोडं आकाश गेलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, ओळखीचा चेहरा बदलला तर लगेच येतं.

'ख' १५०० × १५००, कॅमेऱ्याचा फोटो ६००० × ४०००. रुंदीला २५ टक्के, उंचीला ३७.५. कडा टेकवल्या तर चेहरा दीडपट लांब होणारच. दोन्हीकडे ३७.५ टाका: २२५० × १५००, त्यातले ७५० पिक्सेल झाकले जातील.

'ग' ३००० × १२००. रुंदीला ५० टक्के, उंचीला ३०. म्हणून तिथे माणसं बसकी दिसली. दोन्हीकडे ५० टाकलंत तर ३००० × २००० होईल आणि उंचीतले ८०० पिक्सेल, म्हणजे फोटोचा ४० टक्के भाग झाकावा लागेल. समूहफोटोला हे झेपणार नाही. त्याबद्दल खाली वेगळं लिहिते.

आता क्रम:

१. फोटो स्वतंत्र उघडा आणि मूव्ह टूलने ओढून पानावर आणा. लेयर म्हणजे एकावर एक रचलेले थर; त्यांच्या पॅनेलमध्ये तो जागेच्या लेयरच्या लगेच वर असायला हवा.

२. आकाराला हात लावण्याआधी लेयरवर राइट क्लिक करून 'कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट' करा. फोटो धूसर होण्यावर उपाय हाच. साधा लेयर लहान करून एंटर मारलं की जास्तीचे पिक्सेल कायमचे जातात, पुन्हा मोठा केला की प्रोग्राम मधले पिक्सेल अंदाजाने भरतो. असं पाच वेळा केलंत की पाच वेळा अंदाज. स्मार्ट ऑब्जेक्टमध्ये मूळ पिक्सेल आत जपलेले असतात, दर वेळी तिथूनच नवा आकार काढला जातो.

३. दोन लेयरच्या मधल्या रेषेवर आल्ट धरून क्लिक करा. क्लिपिंग मास्क लागतो आणि फोटो जागेच्या आकारापुरताच दिसू लागतो. हे आकार बदलण्याआधी केलं तर ओढताना नेमकं काय दिसणार ते कळत राहतं.

४. कंट्रोल-टी. फोटो पानापेक्षा मोठा असेल तर कोपऱ्याची हँडल (ओढायचे ठिपके) पडद्याबाहेर असतात, मग लोक हाताला लागेल ती बाजू ओढतात आणि तिथेच बिघडतं. कंट्रोल-शून्य दाबा, सगळी हँडल दिसतील.

५. साखळी चालू ठेवून टक्के टाका. टक्क्यांऐवजी थेट पिक्सेलही टाकता येतात, डब्ल्यूमध्ये आकड्यापुढे पीएक्स लिहायचं. एच आपोआप बदलतो.

६. फोटो सरकवून चेहरे हवे तिथे आणा आणि एंटर.

स्मार्ट ऑब्जेक्टचा आणखी एक फायदा: पुन्हा कधीही कंट्रोल-टी केलं की खरे टक्के दिसतात. ४० आणि ४५ दिसले तर ४५ आणि ४५ करा, काम झालं. साध्या लेयरमध्ये एंटर मारल्यावर आकडे परत १०० होतात, आधी काय केलं होतं त्याचा माग राहत नाही. त्यामुळे तुमचे आत्ताचे बिघडलेले लेयर दुरुस्त करत बसू नका, मूळ फोटो पुन्हा आणा.

'ग'मधला समूहफोटो: फोटोवर जबरदस्ती करण्याऐवजी जागा बदला. मास्कचा लेयर, म्हणजे जागेचाच लेयर, हा साधा आयत असेल तर तो कसाही ताणा, त्यात बिघडण्यासारखं काही नाही. उंची १२०० वरून १७०० केली तर ८०० ऐवजी फक्त ३०० पिक्सेल झाकले जातील आणि ते बहुधा वरच्या मोकळ्या जागेतून आणि पायांकडून मिळतील. पानावर तेवढी जागा नसेल तर पट्टीचे दोन भाग करा. ३० टक्क्यांना फोटो पूर्ण बसतो, १८०० × १२००. उरतात १२०० × १२००. मध्ये ३० पिक्सेलची फट ठेवलीत तर ११७० × १२०० ची जवळपास चौरस जागा मिळते, तिथे दुसरा फोटो किंवा मजकूर टाका. मास्कचे कोपरे गोल असतील किंवा कडा फाटक्या कागदासारखी असेल तर मात्र तो ताणू नका, ती कड लगेच ताणलेली दिसते. त्याऐवजी नवा आयत काढा.

---

सावलीचा_रंग

एवढा खटाटोप कशाला? क्रॉप टूल घ्या, रुंदी ४ इंच, उंची ६ इंच, रेझोल्युशन ३०० टाका आणि फोटोवर चौकट फिरवा. थेट १२०० × १८०० चा फोटो हातात येतो, प्रमाण बिघडण्याचा प्रश्नच नाही.

---

कात्रणवही

पद्धत चालते, पण तिच्यात दोन खाचखळगे आहेत. रेझोल्युशन टाकून क्रॉप केलं की प्रोग्राम पिक्सेल नव्याने मोजून भरतो आणि ते सांगतही नाही. चौकट लहान केलीत आणि मूळ फोटोतला ६०० × ९०० चाच तुकडा निवडलात, तरी हातात १२०० × १८०० पडेल, दुप्पट फुगवलेला. तुम्हाला वाटेल ३०० पीपीआय आहे, छापल्यावर कळेल. म्हणून क्रॉप टूलमध्ये फक्त ४ : ६ हे गुणोत्तर ठेवा, रेझोल्युशन रिकामं सोडा.

दुसरं म्हणजे पानावर जागा थोडी मोठी करायची ठरली की कापलेला भाग परत हवा होतो. मूळ फाइलच्या प्रतीवरच क्रॉप करा. मास्कमध्ये ही भानगड नाही, झाकलेलं सगळं मागे असतंच.

---

पिक्सेलमोजणी

व्हॉट्सॲपच्या फोटोचं उत्तर राहिलं. साध्या दर्जात पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, तुमचा १२०० × १६०० तसाच आहे. ३०० पीपीआयच्या पानावर खरं रेझोल्युशन किती उरतं ते काढायला एकच भागाकार: ३०० भागिले पट. फोटो १२५ टक्के केला तर ३०० ÷ १.२५ = २४०. १५० टक्के केला तर २००. २०० टक्के केला तर १५०.

तुमच्या जागांना लावून पाहा:
'क'मध्ये ११२.५ टक्के लागतील, उरतात २६७ पीपीआय. उत्तम.
'ख'मध्ये १२५ टक्के, २४० पीपीआय. चालेल.
'ग'मध्ये २५० टक्के, १२० पीपीआय. नको.

छापायचं असेल तर २०० च्या खाली शक्यतो जाऊ नका. १५० ला मऊपणा दिसायला लागतो, आधी केसांत आणि पापण्यांत. पाठवणाऱ्याकडे मूळ फोटो असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगणं हा सगळ्यांत सोपा उपाय, मग पिक्सेल कापले जात नाहीत.

मोठं करणं टळतच नसेल तर ते पानावर न करता फोटोच्या स्वतःच्या फाइलमध्ये 'इमेज साइझ'मधून करा. 'रीसॅम्पल'वर (पिक्सेलची संख्या बदलणं) खूण आणि पर्याय 'प्रिझर्व्ह डिटेल्स २.०' किंवा 'बायक्युबिक स्मूदर'. लहान करताना 'बायक्युबिक शार्पर'. लहान केल्यावर फोटो किंचित मवाळ होतो, तेव्हा धार देणारं 'अनशार्प मास्क' हे फिल्टर: अमाउंट ८०, रेडियस ०.७, थ्रेशोल्ड २ इथून सुरुवात करा. हे शेवटच्या आकाराला आल्यावरच. आधी धार दिली आणि मग लहान केलं तर कडांभोवती पांढुरकी रेघ उमटते.

त्याच खिडकीतला आणखी एक गोंधळ सांगतो, कारण तो सतत दिसतो. 'रीसॅम्पल'ची खूण काढून ७२ चे ३०० पीपीआय केले तर एकही पिक्सेल बदलत नाही, फक्त छापील इंच बदलतात. फोटो सुधारतही नाही, बिघडतही नाही. खूण ठेवून ७२ चे ३०० केले तर मात्र फोटो चारपटींहून जास्त फुगतो आणि फाइल अवजड होते.

---

तिरपी_चौकट

सरळ जागांचं झालं. टेम्प्लेटमध्ये चौकट तिरकी असेल तर वेगळाच विपर्यास होतो, तो नोंदवून ठेवते.

साधा लेयर ८ अंश फिरवून एंटर मारला की पुढच्या कंट्रोल-टीला भोवतीची चौकट पुन्हा सरळ येते, फोटो मात्र तिरका. आता एखादी बाजू ओढली तर फोटो नुसता ताणला जात नाही, तो कलतो. काटकोन मोडतात, खिडक्या-दारं समांतरभुज होतात. चेहऱ्यावर हे चटकन कळत नाही, म्हणून जास्त वाईट. स्मार्ट ऑब्जेक्ट असेल तर भोवतीची चौकटही तिरकीच राहते आणि हा धोका कमी होतो. साधाच लेयर वापरायचा असेल तर आकार आणि फिरवणं एकाच कंट्रोल-टीमध्ये उरका. दोनदा केलं की पिक्सेल दोनदा मोजले जातात, तेवढी धारही कमी होते.

तिरक्या जागेत फोटो थोडा जास्तच मोठा लागतो, हेही लक्षात असू द्या. फोटो सरळ ठेवून फक्त जागा तिरकी असेल तर वरच्या गणितातले टक्के पुरणार नाहीत, कोपरे उघडे पडतील. सोपं म्हणजे फोटोही जागेइतकाच फिरवा, मग टक्के तेच राहतात.

फोटोभोवतीची सजावटीची फ्रेम, म्हणजे मधे पारदर्शक असलेलं पीएनजी चित्र, हाही ताणायचा पदार्थ नाही. ४ × ६ ची फ्रेम ५ × ५ ला ओढली की उभ्या पट्ट्या जाड आणि आडव्या बारीक होतात, कोपऱ्यातली फुलं चेपतात. साध्या पट्टीची फ्रेम असेल तर ती मधोमध कापा: आयताकृती निवडीने उजवा अर्धा भाग कोपऱ्यांसकट निवडून सरकवा, मधे पडलेल्या फटीत पट्टीचा सपाट तुकडा प्रत करून भरा. लाकडाच्या किंवा विणीच्या पोताला जोड दिसतो, तिथे दुसरी फ्रेम शोधलेली बरी.

आणि सावली. लेयर लहान केला तरी लेयर स्टाइलमधल्या सावलीचे पिक्सेल पूर्वीइतकेच राहू शकतात, मग छोट्या फोटोखाली भलीमोठी सावली दिसते. लेयर > लेयर स्टाइल > स्केल इफेक्ट्स इथे फोटोला लावलेलेच टक्के टाका.

---

जाळीदार

गिंप हा दुसरा फोटो-प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात, आवृत्ती २.१० प्रमाणे.

'फाइल'मधून 'ओपन ॲज लेयर्स'ने फोटो पानावर आणा. शिफ्ट-एस दाबून स्केल टूल घ्या, रुंदी-उंचीच्या आकड्यांशेजारची साखळी जोडलेली आहे ना ते पाहा, रुंदी टाका. इंटरपोलेशनमध्ये (मधले पिक्सेल भरण्याची पद्धत) 'नन' सोडून काहीही चालेल. 'नन' असलं की तिरक्या रेषांना पायऱ्या पडतात.

इथे लोक हमखास चुकतात ते मेन्यूत. 'इमेज' मेन्यूतलं 'स्केल इमेज' पूर्ण पानच लहान करतं. एकट्या फोटोसाठी 'लेयर' मेन्यूतलं 'स्केल लेयर'.

फोटोशॉपसारखा क्लिपिंग मास्क इथे नाही. आधी फोटो आकाराला आणून जागेवर बसवा. मग जागेच्या लेयरवर राइट क्लिक करून 'अल्फा टू सिलेक्शन', त्यानंतर फोटोच्या लेयरवर 'ॲड लेयर मास्क' आणि त्यात 'सिलेक्शन'. क्रम उलटा करू नका, कारण फोटो सरकवला की मास्कही त्याच्याबरोबर सरकतो. आणि स्मार्ट ऑब्जेक्टही नाही, म्हणून प्रत्येक फोटोची अस्पर्श प्रत, लेयरशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद करून, खाली ठेवा.

---

पिक्सेलमोजणी

अजून एक शक्यता, कारण सगळा दोष आकार बदलण्याचाच असतो असं नाही. टक्के सारखे असूनही माणूस रुंद दिसत असेल तर मूळ फोटो तपासा. फोनच्या अल्ट्रावाइड कॅमेऱ्याने काढलेल्या समूहफोटोत कडेची माणसं बाहेरच्या बाजूला ताणलेली असतात, मधली ठीक. पान किंवा मास्क कितीही नीट केला तरी ते सुधारत नाही. लेन्स करेक्शनने वाकलेल्या सरळ रेषा सरळ होतात, पण कडेचे चेहरे त्याने कधीकधी आणखी ताणले जातात. अशा फोटोत कडेला थोडं झाकलं जाणं उलट फायद्याचंच.

खात्रीसाठी फोटोच्या मध्यावर समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा, भिंतीवरचं घड्याळ वगैरे. तिच्याभोवती आयताकृती निवड करून इन्फो पॅनेलमध्ये रुंदी-उंची वाचा. दोन्ही जवळपास सारखी आली तर प्रमाण ठीक. वस्तू बाजूने दिसत असेल तर ती लंबगोलच येणार, तिच्यावरून निष्कर्ष काढू नका.

पानावरचं सगळंच ताणलेलं दिसत असेल, मजकुरासकट, तर व्ह्यू मेन्यूत 'पिक्सेल ॲस्पेक्ट रेशो करेक्शन' चालू आहे का पाहा. व्हिडिओच्या प्रीसेटवरून पान तयार केलं की असं होतं. पिक्सेल ॲस्पेक्ट रेशो 'स्क्वेअर' करा.

---

सावलीचा_रंग

'ग'साठी 'कंटेंट-अवेअर स्केल' कुणीच कसं सुचवलं नाही? फोटो आडवा ताणतो, माणसं तशीच राहतात.

---

कात्रणवही

मुद्दाम टाळलं. मोकळं आकाश, वाळू, भिंत असेल तर ते छान चालतं. ते कमी महत्त्वाच्या पिक्सेलच्या वाकड्यातिकड्या रांगा शोधून तिथे भर घालतं किंवा काढून घेतं. शाय अविदान आणि एरियल शमीर यांनी २००७ मध्ये मांडलेली ही पद्धत, फोटोशॉपमध्ये ती सीएस४ पासून आहे. पण समूहफोटोत माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात, मोकळी रांग मिळतच नाही, मग हात आणि खांदे वितळल्यासारखे होतात. मागे विटांची भिंत किंवा जाळी असेल तर तीही वाकते.

करून पाहायचंच असेल तर माणसांभोवती निवड करा, ती अल्फा चॅनेल (फाइलमध्ये जपलेली निवड) म्हणून साठवा आणि वरच्या पट्टीत 'प्रोटेक्ट'मध्ये तो चॅनेल निवडा. 'प्रोटेक्ट स्किन टोन्स'वर एकट्यावर भिस्त ठेवू नका, ते कपडे वाचवत नाही. स्मार्ट ऑब्जेक्टवर ही सोय चालत नाही, साधा लेयर लागतो, म्हणून प्रत काढून करा. १८०० चे ३००० म्हणजे रुंदी दोनतृतीयांशाने वाढवणं, ते जमणार नाही. दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत ठीक.

---

रेघोट्या

शिफ्टच होती! तिन्ही जागा नीट बसल्या. 'ग'ची उंची १७०० केली, कुणाचंही डोकं गेलं नाही.

दोन गोष्टी उरल्या. 'क'मध्ये ४५ टक्के बरोबर टाकले, तरी वरच्या कडेला केसासारखी फिकट रेघ दिसतेय. मोठं करून पाहिलं की स्पष्ट कळते. आणि हेच पान ८ × ८ ला आणि ८.५ × ११ ला हवं असेल तर?

---

कात्रणवही

रेघ येते कारण १८०० च्या जागेत फोटोही बरोबर १८०० चा आहे. तो अर्धा पिक्सेल जरी इकडेतिकडे बसला तरी त्याची कड अर्धपारदर्शक होते आणि खालच्या मास्कचा रंग झिरपतो. फोटो कधीच बेतून टाकू नका. ४५ ऐवजी ४६ टाका: १३८० × १८४०, वर-खाली वीस-वीस पिक्सेल मास्कच्या आड जातील.

८ × ८ सोपं आहे, दोन्ही चौरस. सगळे लेयर असलेली मूळ फाइल आधी साठवा, तिची प्रत काढून एकसंध करा, 'इमेज साइझ'मध्ये ३६०० चे २४०० करा. मजकूर बारीक होईल तेवढा तपासा, पानावरचा १२ पॉइंटचा अक्षरआकार ८ चा होतो. ८.५ × ११ म्हणजे २५५० × ३३००, तिथे चौरस पान दाबून बसवलं तर सगळे फोटो पुन्हा उभट होतील, या वेळी एकगठ्ठा. नवं पान उघडा, पार्श्वभूमीचा कागद वेगळा टाका, आणि फोटो त्यांच्या मास्कसकट गट करून तो गट आणा. गटाला साखळी लावून ७० टक्के दिलेत तर २५२० रुंदीत बसतो, खाली ७८० पिक्सेल मजकुराला उरतात.

---

तिरपी_चौकट

७० टक्क्यांनी दोन्हीकडे १५ पिक्सेलच उरतात, कापताना कडेचे फोटो जातील. पाव इंच, म्हणजे ७५ पिक्सेल, दोन्हीकडे सोडा. २४०० रुंदी, ६६.६७ टक्के. तोच गट ८ × ८ लाही वापरता येईल.